दुसऱ्यांदा पाहताना

माझे मामा ३१ वर्षं छापखान्यात प्रूफं वाचत होते. पाठ्यपुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका, साखर कारखान्यांचे वार्षिक अहवाल, जे येईल ते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या फोनवर मेसेज आला, की वीजबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला पुरवठा तोडला जाईल. मामींना दम्यासाठी रोज रात्री नेब्युलायझर लागतो, तो विजेवर चालतो. मामांनी खालची लिंक उघडली. पान ओळखीचं दिसलं. कार्डाचे आकडे भरले, ओटीपी आला, तोही टाकला. १८,४०० रुपये गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. काउंटरपलीकडचा मुलगा काही उद्धट नव्हता, रांग मोठी होती इतकंच. तो म्हणाला, "काका, मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून. तुम्ही लोक वाचतच नाही."

मामा गप्प राहिले. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "अगं, वाचलं होतं मी. पत्त्यात एकही चूक नव्हती."

आयुष्यभर वाचण्यावर पोट भरलेल्या माणसाला कुणीतरी "तुम्ही वाचत नाही" म्हणालं, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं. तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते मी वाचत आले आहे. फसलेल्या माणसाला आपण सगळेच दोन प्रश्न विचारतो. लक्ष कुठे होतं? वाचलं नाहीस का? हे प्रश्न आपण उत्तरासाठी विचारतच नाही, दोष ठेवण्यासाठी विचारतो. पण अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ते खरोखर प्रश्न म्हणून घेतले आणि उत्तर शोधायला थेट मेंदूचा स्कॅन केला.

अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम नावाचं शहर आहे. तिथल्या विद्यापीठात नितेश सक्सेना, अजय न्यौपाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मोजक्या माणसांना एकेक करून एफएमआरआयच्या यंत्रात झोपवलं. हे यंत्र म्हणजे एक मोठा चुंबक. नेहमीच्या ३ टेस्लाच्या यंत्राचं बळ पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ६०,००० पट असतं. माणूस उताणा, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखं साधन, कानावर ठकठक आणि घरघर, हातात बटणांची छोटी पेटी. डोकं हलवायचं नाही. डोळ्यांसमोर एकामागून एक संकेतस्थळांची चित्रं येतात आणि बटण दाबून सांगायचं, हे खरं की बनावट. दुसऱ्या कामात काही मजकूर वाचायला द्यायचा आणि मध्येच धोक्याची सूचना झळकवायची, पुढे जायचं की थांबायचं हे त्या माणसाने ठरवायचं.

एफएमआरआय विचार वाचत नाही, हे इथेच सांगायला हवं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजन असलेलं रक्त जास्त जातं, आणि अशा रक्ताचा चुंबकीय गुण ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताहून थोडा वेगळा असतो. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० साली हा फरक टिपता येतो हे दाखवलं. रक्त पोचायला काही सेकंद लागतात, म्हणून चित्रही तेवढं मागून येतं. स्वयंपाकघरात न जाता नुसत्या गॅसच्या वापरावरून आत किती रांधलं जातंय याचा अंदाज करावा, तसं काहीसं हे आहे.

अंदाज असला, तरी बर्मिंगहॅमच्या प्रयोगात जे दिसलं ते मला फार मोलाचं वाटतं. खरं आणि बनावट संकेतस्थळ ओळखण्यात ही माणसं चांगलीच कमी पडली, नाणं उडवून सांगितलं असतं त्याहून फार बरी कामगिरी नव्हती. मात्र त्याच वेळी त्यांच्या मेंदूत लक्ष देण्याशी, निर्णय घेण्याशी, कोडं सोडवण्याशी जोडलेले भाग जोरात काम करत होते. ती माणसं प्रयत्न करत होती. धोक्याच्या सूचना आल्या तेव्हा भाषा समजून घेण्याचे, वाचनाचे भागही जागे झाले, आणि तिथे बहुतेकांनी सूचना पाळलीसुद्धा. पुढच्याच वर्षी याच गटाने मेंदूतल्या विद्युतलहरी आणि डोळ्यांची हालचाल एकत्र मोजली. लोकांची नजर पडद्यावर फिरत होती, पण ज्या खुणांवरून बनावटपणा कळला असता त्यांवर पुरेशी थांबत नव्हती. तरीही खऱ्या आणि खोट्या पानासमोर मेंदूचे आलेख थोडे वेगळे उमटत होते. म्हणजे आत कुठेतरी फरक नोंदला जात होता आणि तोंडापर्यंत येत नव्हता. हे वाचून मी बराच वेळ थांबले. रिक्षातून उतरताना मामा म्हणाले होते, "काहीतरी खटकलं होतं गं, काय ते समजलं नाही." मी तेव्हा ती गोष्ट मागाहून सुचलेली समजले होते.

लक्ष होतं, प्रयत्न होता, वाचलंही होतं. मग सुटतं कुठे?

यूटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अँथनी व्हान्स, बॉनी अँडरसन, ब्रॉक किरवान, जेफ जेंकिन्स आणि त्यांचे साथीदार हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवत होते. त्यांचा विषय संगणकावरच्या धोक्याच्या सूचना. त्यांनी एफएमआरआयमधल्या माणसांना त्याच त्या सूचना पुन्हा पुन्हा दाखवल्या. पहिल्यांदा सूचना दिसली तेव्हा दृश्य माहिती हाताळणारे भाग उजळले. ती दुसऱ्यांदा दिसली तेव्हाच तिथली हालचाल ठळकपणे घसरली. शंभराव्या, पन्नासाव्या वेळेची गोष्टच नाही, दुसऱ्याच वेळी! डोळे उघडे आहेत, सूचना समोर आहे, आणि मेंदू मात्र मागच्या वेळची आठवण पुढे करून मोकळा होतो. हा अभ्यास त्यांनी २०१५ साली सोलमधल्या एका परिषदेत मांडला.

मला हे कळलं तेव्हा मी माझ्याच घरात हिंडून पाहिलं. फ्रीजवर लावलेली दवाखान्याची चिठ्ठी, दाराशेजारी टांगलेलं कॅलेंडर, जिन्यातली "पाणी जपून वापरा" ही पाटी. गेल्या महिन्यात यातलं काहीही मी पाहिलेलं नव्हतं, आणि रोज त्यांच्या समोरून जात होते. सायबर फसवणुकीपासून सावध करणारी अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली कॉलर ट्यून आपण सगळ्यांनी महिनोन्महिने ऐकली. पहिल्या दोन दिवसांत ती शब्द होती. नंतर ती फोन कानाला लावून दुसऱ्या हाताने दुधाचं पातेलं उतरवण्यापुरता वेळ झाली. आवाज तोच, सांगणं खरं, कळकळीचं. तरी ऐकणं संपलं.

याला आळस म्हणणं अन्याय आहे. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडल यांनी समुद्री गोगलगाईवर आयुष्य घालवलं आणि त्या कामाबद्दल २००० साली त्यांना नोबेल मिळालं. ॲप्लिसिया हा तो जीव. त्याच्या पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला हलकेच स्पर्श केला, की तो आपला कल्ला आत ओढून घेतो. पुन्हा स्पर्श करा, पुन्हा करा, इजा होत नाही असं दिसलं की ओढून घेणं मंदावत जातं. या जीवाला जेमतेम वीसेक हजार चेतापेशी आहेत, पण एवढी काटकसर त्यालाही येते. प्रत्येक लाटेला दचकत राहिला असता तर तो जगलाच नसता. आपणही तसेच टिकलो. मंदिराच्या घंटेशेजारी राहणारा माणूस पहाटे झोपू शकतो तो याच देणगीमुळे. आता ही देणगी बाळगणाऱ्या माणसासमोर कुणीतरी दिवसातून वीस वेळा एकाच रंगाची, एकाच आकाराची चौकट नाचवतो आणि एकविसाव्या वेळी म्हणतो, तुम्ही वाचत नाही.

यूटाच्या मंडळींनी यावर एक साधा उपाय करून पाहिला. सूचनेचा मजकूर तोच ठेवला आणि रूप बदलत ठेवलं. कधी रंग वेगळा, कधी चित्र वेगळं, कधी चौकट किंचित थरथरते, कधी लहानाची मोठी होत येते. मेंदूतल्या हालचालीची घसरण मंदावली. पुढे त्यांनी हाच प्रयोग सलग पाच दिवस केला, प्रयोगशाळेबाहेर लोकांच्या रोजच्या फोनवरही केला. रात्रभराच्या विश्रांतीने सावधपणा थोडा परततो, पण दिवसा जेवढा झिजतो तेवढा भरून येत नाही. रूप पालटणाऱ्या सूचनांसमोर मात्र तो जास्त टिकला.

या गटाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो अभ्यास २०१६ सालचा, वेळेबद्दलचा. त्यांनी पाहिलं की माणूस एका कामात गुंतलेला असताना मध्येच सूचना आली, तर काय होतं. आकडा लक्षात ठेवायला सांगितलेल्या माणसापुढे सूचना आणली, तेव्हा स्मरणाशी संबंधित भागातली हालचाल कमी झाली. मेंदू दोन ओझी एकदम उचलत नाही, एक खाली ठेवतो. मग त्यांनी गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या अभियंत्यांबरोबर संगणकावर प्रयोग केला. पान बंद करायला निघालेल्यांपैकी ७४ टक्के लोकांनी सूचनेकडे दुर्लक्ष केलं. व्हिडिओ पाहत असलेल्यांपैकी ७९ टक्क्यांनी. आणि एका जागेचा पडताळणीचा आकडा दुसऱ्या जागी भरत असलेल्यांपैकी ८७ टक्क्यांनी.

हा शेवटचा आकडा मी पुन्हा वाचला. पडताळणीचा आकडा एका जागेवरून दुसरीकडे नेऊन भरणे. आपण त्याला ओटीपी टाकणे म्हणतो. भारतात १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने जादा पडताळणी सक्तीची केली, आणि त्यातून ओटीपी घराघरांत पोचला. त्याने कितीतरी चोऱ्या अडवल्या असतील, मी त्याच्या विरोधात नाही. पण "कुणाला देऊ नका" हे वाक्य कुठे लिहिलेलं असतं? त्याच मेसेजमध्ये, त्या सहा आकड्यांना चिकटून. वर घड्याळाची उलटी मोजणी चालू, फोनवर एक पान सोडून दुसऱ्या पानावर जायचं, तेवढ्यात आकडे विसरायचे नाहीत म्हणून ओठांवर घोळवायचे. माणसाच्या मेंदूत दुसऱ्या कशालाही जागा नसते नेमक्या त्या क्षणी आपण त्याला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. संशोधकांचं सुचवणं अगदी सोपं होतं: व्हिडिओ संपल्यावर सांगा, पान उघडायची वाट पाहत असताना सांगा, हातातलं काम उरकल्यावर सांगा. घरातली वडीलधारी माणसं कामाचं बोलणं घास तोंडात असताना काढत नाहीत, हात धुऊन झाल्यावर काढतात. त्यात हेच शहाणपण आहे.

याशिवाय एक खर्च आपण मोजतच नाही, तो म्हणजे आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्याचा. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, सिग्नल असलेले चौकोन निवडा. कॅप्चा म्हणतात त्याला. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुई फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं. २०१० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा चित्रातला कॅप्चा सोडवायला सरासरी ९.८ सेकंद लागत होते आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असलेला ऐकण्याचा कॅप्चा सोडवायला २८.४ सेकंद. इंग्रजी ज्यांची मायबोली नाही त्यांना जास्त वेळ लागत होता. आता तर यंत्रंच हे कोडं माणसापेक्षा लवकर आणि बिनचूक सोडवतात, असं २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं. मामांना एकदा फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडायला सांगितले होते. त्यांनी मला फोन करून विचारलं, "हे काय असतं? आपल्याकडे असतं का कुठे?" अमेरिकेच्या फुटपाथवरचा आग विझवण्याचा नळ सांगलीतल्या म्हाताऱ्याने ओळखायचा आणि त्यावरून तो माणूस ठरायचा. घड्याळ सेकंद मोजतं. त्या सेकंदांत सावधपणाची किती पुंजी संपली ते घड्याळाला कळत नाही, आणि म्हणूनच मेंदूत डोकावण्याची गरज पडते असं मला वाटतं.

मेंदूच्या या चित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मात्र मी म्हणणार नाही. २००९ साली संशोधक क्रेग बेनेट यांनी एफएमआरआय यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि सांख्यिकीची आवश्यक काळजी न घेता हिशेब केला. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. हजारो ठिपक्यांची तपासणी एकदम केली की काही ठिपके योगायोगाने उजळतातच, हे दाखवायला त्यांनी तो खटाटोप केला. शिवाय एक भाग अनेक कामं करतो, तेव्हा तो उजळला म्हणून माणूस अमुकच विचार करत होता असं उलटं अनुमान काढता येत नाही. आणि यंत्रात आडवा पडलेला, प्रयोगाला तयार झालेला माणूस वेगळा. रात्री साडेनऊचं भय पोटात घेऊन उभा असलेला माणूस वेगळा. प्रयोगातल्या माणसाला खोटं ओळखा असं सांगितलेलं असतं. मामांना कुणी सांगितलं होतं?

एका गोष्टीची मला भीतीही वाटते. बर्मिंगहॅमच्या गटाने पुढची शक्यता मांडली आहे, की माणूस त्या क्षणी सावध आहे की नाही हे मेंदूच्या लहरी आणि नजरेवरून यंत्रानेच ओळखावं, आणि नसेल तर त्याच्या उत्तरावर विसंबू नये. हेतू भला आहे. तरी माझं लक्ष कधी ढळलं याची नोंद एखाद्या कंपनीकडे असावी, हे मला नको आहे. लक्ष ढळण्याची नोंद ज्याच्या हाती जाईल, त्याला ते ढळवण्याची वेळही कळेल.

माणसाला काही ठिकाणी मेंदूचीही साथ मिळत नाही, हेही याच अभ्यासांतून कळलं. २०१९ साली सक्सेना, न्यौपाने आणि त्यांच्या साथीदारांनी खरा आवाज आणि यंत्राने नक्कल केलेला आवाज लोकांना ऐकवला. डोक्यावर प्रकाशकिरण टाकून मेंदूतलं रक्त मोजण्याची रीत वापरली. दोन्ही आवाजांना मेंदूचा प्रतिसाद लक्षणीय फरकाने वेगळा निघाला नाही. पानाच्या वेळी निदान आत कुठेतरी खटकत होतं. आवाजाच्या वेळी तेही नाही. उद्या मुलाच्या आवाजात पैसे मागणारा फोन एखाद्या आईला आला आणि तिने ते पाठवले, तर तिला "ओळखलं नाहीस का?" असं विचारण्याआधी हा प्रयोग आठवावा.

मामांचे पैसे परत आले नाहीत. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, तिचा क्रमांक त्यांनी डायरीत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवला आहे. महिनाभर ते फोनला हात लावत नव्हते. संक्रांतीला मी गेले तेव्हा तो फसवा मेसेज त्यांनी मला दाखवला, पुसला नव्हता. पत्ता वाचला. सुरुवातीला वीज कंपनीचं नाव होतं, अगदी शुद्ध. त्यानंतर एक टिंब, मग एक शब्द, आणखी एक टिंब, आणि तिरक्या रेघेच्या अगदी आधी भलतंच, कुणाच्याही ओळखीचं नसलेलं एक नाव. संकेतस्थळाचा खरा मालक तिथे, शेवटाला लिहिलेला असतो. त्याच्या आधी, डावीकडे, तो मालक हवं ते नाव जोडू शकतो. मी त्यांना हे समजावून सांगितलं. ते थोडा वेळ पाहत राहिले.

"म्हणजे हे उलटं वाचायचं," मामा म्हणाले.

मग त्यांनी मला छापखान्यातली गोष्ट सांगितली. चौथं प्रूफ हाताशी आलं की मजकूर पाठ झालेला असतो आणि डोळा चुकीवरून घसरून जातो. म्हणून त्यांचे गुरुजी त्यांना पान खालून वर वाचायला लावत, शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दापासून, एकेक शब्द सुटा. अर्थ लागत नाही आणि म्हणून अक्षर दिसतं. त्यांनी चष्मा पुसला, माझा फोन मागून घेतला आणि माझ्या बँकेचं पान उघडायला सांगितलं. तिरक्या रेघेपाशी बोट ठेवलं आणि उजवीकडून डावीकडे, एक टिंब ओलांडत, मग दुसरं टिंब ओलांडत, पुटपुटत वाचू लागले.